स्पाचा रेदियों: धोका वळणात कमी, आपटून परत येणाऱ्या गाडीत जास्त

पाचवा_गिअर

रविवारची (२७ जुलै २०२५) स्पा सर्किटवरची बेल्जियन ग्रांप्री, म्हणजे एफ वनची (फॉर्म्युला वन) शर्यत, ८० मिनिटं उशिरा सुरू झाली, तीही सेफ्टी कारच्या (सगळ्यांचा वेग आवरायला पुढे चालणारी गाडी) मागे. शर्यतीच्या धाग्यावर लगेच प्रतिसाद आले की पाऊस थांबला होता, ट्रॅक वाळत होता, मग एवढी वाट कशाला. ड्रायव्हर वेर्स्टापेनचंही साधारण हेच म्हणणं होतं. मला तो निर्णय बरोबर वाटला. का, ते नीट मांडायचं म्हणून हा वेगळा धागा.

ज्यांनी स्पा फक्त टीव्हीवर पाहिलंय त्यांच्यासाठी आधी जागा समजावून सांगतो. ला सूर्सच्या हेअरपिनमधून (जवळजवळ उलटं फिरवणारं वळण) निघालं की जुन्या पिट्सच्या शेजारून उतार लागतो. तळाशी ओ रूजचा ओढा. तिथे गाडी डावीकडे वळते, लगेच उजवीकडे, आणि पुढचा चढ म्हणजे रेदियों. काही सेकंदांत जवळजवळ ४० मीटर उंची चढायची, चढण सगळ्यात तीव्र असते तिथे १७ टक्क्यांच्या आसपास. माथ्यावर पुन्हा एक डावं वळण, आणि ते खालून दिसत नाही. ड्रायव्हरला समोर फक्त आकाश दिसतं. माथ्यापलीकडे कुणाची गाडी आडवी पडली असेल तर ते त्याला तिथे पोचल्यावरच कळतं. एफ वन गाडी इथून पाय न उचलता ताशी ३०० किमीच्या घरात जाते.

आता २०१९ चा ३१ ऑगस्ट. एफ टूची (एफ वनच्या खालची मालिका) शर्यत, दुसरी फेरी. माथ्यावर एक गाडी फिरून आपटली. मागून येणारा आँत्वान ह्युबेर तिला चुकवायला उजवीकडे गेला, पुढच्या गाडीला धडकला आणि ताशी २१६ किमी वेगाने, सुमारे ४० अंशांच्या कोनात बॅरियरवर गेला. एवढ्यावर संपलं असतं तर तो कदाचित वाचला असता. पण बॅरियरने गाडी परत फेकली. ती रन-ऑफमध्ये (ट्रॅकबाहेरची मोकळी जागा) आडवी उभी असताना, तुकड्यांवरून जाऊन ताबा सुटलेली हुआन मॅन्युएल कोरियाची गाडी तिच्या कुशीत शिरली. वेग २१८, कोन ८६ अंश, म्हणजे जवळजवळ काटकोन. ह्युबेर २२ वर्षांचा होता. कोरियाचे दोन्ही पाय मोडले, आणि २०२१ मध्ये तो पुन्हा शर्यतीत उतरला. एफआयएच्या (मोटर रेसिंगची जागतिक संघटना) चौकशीत कुठलंही एक कारण सापडलं नाही. मार्शल (ट्रॅकच्या कडेला झेंडे घेऊन उभी असलेली माणसं) आणि रेस कंट्रोल यांनी वेळेत हालचाल केली होती, असंही त्यात म्हटलं होतं.

म्हणजे माणसं चुकली नाहीत, तरी एक मुलगा गेला. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे.

पुढे २०२१ मध्ये महिनाभरात तेच चित्र तीनदा दिसलं. जुलैअखेरीस २४ तासांच्या शर्यतीत जॅक एटकेनची गाडी डावीकडच्या टायरच्या भिंतीवर आपटून ट्रॅकवर परत आली आणि मागचे तिच्यावर गेले. त्याचं कॉलरबोन मोडलं, मणक्याला इजा झाली. ऑगस्टमध्ये महिलांच्या डब्ल्यू सिरीजच्या क्वालिफायिंगमध्ये (सुरुवातीचा क्रम ठरवणारं सत्र) सहा गाड्या एकमेकींवर आदळल्या. दुसऱ्याच दिवशी पावसात लँडो नॉरिस त्याच बाजूला आपटला आणि गोल फिरत ट्रॅकवर आला. लाल झेंडा दाखवा, म्हणजे सगळं थांबवा, असं दुसरा ड्रायव्हर फेटेल रेडिओवर आधीच ओरडत होता. नॉरिसच्या मागे त्या क्षणी कुणी नव्हतं, हे त्याचं नशीब.

कॅरममध्ये सोंगटी फळीवर आपटून परत मधे येते, तसं चाललंय हे. माझं म्हणणं एवढंच की रेदियोंवर जो काही पैसा आणि डोकं लावायचं ते दुसऱ्या धडकेवर लावा. पहिली धडक आजच्या गाड्या बऱ्यापैकी सोसतात.

---

केतकी_ब

छान लिहिलंय. मी फक्त मोठ्या शर्यती पाहते, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटेल. इटलीत इमोलाच्या ट्रॅकवर ड्रायव्हर सेनाच्या अपघातानंतर ताम्बुरेल्लोचं वळण मोडून शिकेन (लागोपाठची तीव्र वळणं) केलं ना? मग इथेही वेग कमी करणारी शिकेन टाकली की झालं. जीव जाण्यापेक्षा वळण गेलं तर काय बिघडलं?

---

पाचवा_गिअर

केतकी, प्रश्न अगदी योग्य आहे. इथे एकदा ते केलंही होतं. १९९४ मध्ये सेना आणि रात्झेनबर्गर गेल्यावर त्याच वर्षीच्या स्पा शर्यतीपुरती ओ रूजला तात्पुरती शिकेन घातली होती. पुढच्या वर्षी काढली.

ताम्बुरेल्लोची अडचण अशी होती की भिंतीमागे लगेच सांतेर्नो नदी होती, भिंत मागे सरकवायला जागाच नव्हती. १९८९ मध्ये बर्गरची गाडी तिथेच पेटली होती. जागा नाही, मग वेग कमी करणं हाच उपाय उरतो. रेदियोंला जागा होती, आणि २०२२ मध्ये ती वापरलीही. शिवाय शिकेन आणली की ताशी अडीचशे-तीनशेवरून कडक ब्रेक मारणाऱ्या गाड्यांची रांग उताराच्या तळाशी तयार होते. ओल्या ट्रॅकवर तिथे मागून धडका बसणार. धोका जाणार नाही, शे-दीडशे मीटर अलीकडे येईल.

---

जुनी_विकेट

मी वयाने इथल्या बहुतेकांपेक्षा मोठा आहे, म्हणून थोडं मागचं. 'धोका हाच स्पाचा आत्मा' असं जे वारंवार वाचायला मिळतं त्याची मला चीड येते.

जुनं स्पा १४ किमीच्या वर होतं, सरळ गावांमधून जाणारे सार्वजनिक रस्ते. १९६६ मध्ये पहिल्याच फेरीत पावसाची सर आली आणि जॅकी स्टुअर्टची गाडी मास्ता नावाच्या वळणाजवळ रस्ता सोडून गेली. तो गाडीत अडकला आणि टाकीतलं पेट्रोल त्याच्या अंगावर गळत राहिलं. एक ठिणगी पडली असती तर खेळ खलास. त्याला काढायला मार्शल नव्हते. त्याच जागी घसरलेले ग्रॅहम हिल आणि बॉब बाँड्युरंट हे दोन ड्रायव्हर धावले, आणि स्टिअरिंग सोडवायला पाना मिळाला तो एका प्रेक्षकाच्या गाडीतून. त्या दिवसापासून स्टुअर्टने सुरक्षेचा हट्ट धरला. १९६९ ची बेल्जियन शर्यत ड्रायव्हरांच्या आग्रहामुळेच झाली नाही. त्याला तेव्हाही भित्रा म्हणणारे होतेच. १९७० नंतर एफ वन जुन्या रस्त्यांवर परतलं नाही आणि १९७९ मध्ये सर्किट निम्म्यावर आलं. त्यानंतर स्पाचं आकर्षण कमी झालं का? मुळीच नाही.

एक मुद्दा मात्र धाग्याच्या मांडणीत बसत नाही. १ सप्टेंबर १९८५ ला स्टेफान बेलोफ इथेच गेला, १००० किमीच्या शर्यतीत. जॅकी इक्सला ओ रूजला आतून ओलांडायला गेला, दोन्ही पोर्शे एकमेकींना लागल्या आणि बेलोफ सरळ भिंतीवर. तिथे दुसरी धडक नव्हती. पहिलीच पुरली.

---

पाचवा_गिअर

जुनी_विकेट, सविस्तर प्रतिसादाबद्दल आभार. बेलोफचं खरंच आहे. ती भिंत रस्त्याला अगदी लागून होती आणि त्याच्या पोर्शे ९५६ गाडीत ड्रायव्हरचे पाय पुढच्या चाकांच्याही पुढे असायचे. १९९९ मध्ये विलन्यूव आणि झोंटा एकाच क्वालिफायिंगमध्ये याच चढावर भयानक आपटले आणि दोघेही चालत आले. चौदा वर्षांत गाड्यांमध्ये केवढा फरक पडला ते यावरून दिसतं. पण कुशीत काटकोनात बसणारा मार आजही तितकाच वाईट. ह्युबेरनंतर २०२२ च्या एफ वन गाड्यांच्या चाचण्या कडक झाल्या. समोरच्या आघातात ४८ टक्के जास्त ऊर्जा शोषली गेली पाहिजे, बाजूच्याही चाचण्या वाढल्या. तरी बाजूला चुरगळायला जागाच किती असते?

---

स्थापत्य_सोलापूर

मी महामार्गांच्या कामात आहे, क्रॅश बॅरियर हा रोजचा विषय. रेसिंगमधलं फारसं कळत नाही, पण कोनाबद्दल लिहू शकतो.

गाडी भिंतीला आपटते तेव्हा वेगाचे दोन भाग करायचे: भिंतीला काटकोनात जाणारा आणि भिंतीला समांतर. मार लागतो तो पहिल्याचा. २१६ किमी म्हणजे सेकंदाला ६० मीटर. ४० अंशांत आपटली तर काटकोनातला भाग ३८ मीटरच्या पुढे जातो आणि एकूण ऊर्जेतली जवळजवळ ४१ टक्के भिंतीला सोसावी लागते. तीच गाडी २० अंशांत लागली तर फक्त १२ टक्के. कोन निम्मा केला की मार तिपटीहून जास्त कमी होतो. म्हणून आम्ही गार्डरेल शक्यतो रस्त्याला समांतर ठेवतो. रस्त्याकडे तोंड केलेली तिरकी भिंत सगळ्यात वाईट.

पण याची दुसरी बाजूही आहे. कमी कोनात लागलेली गाडी थांबत नाही, भिंतीला घासत पुढे जाते. रेदियोंच्या माथ्यावर ती पुढे जाणार म्हणजे केमेलच्या सरळ पट्ट्यावरच. आमच्या महामार्गावर घासत पुढे गेलेली गाडी चालते, कारण मागचे ऐंशी-शंभरने येत असतात. इथे मागचा सेकंदाला ८० मीटरने येतोय. माणसाला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत पाऊण सेकंद धरला तरी ६० मीटर संपले.

त्यामुळे भिंत मऊ करायची की समांतर करायची, एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही. आपटल्यावर गाडी शेवटी कुठे जाऊन उभी राहणार, ते आधी ठरवायचं आणि भिंत त्यावरून आखायची. २०२२ च्या कामात हे कसं केलं, कुणी सांगेल का?

---

वैदेही_ल्येज

मी सांगू शकते. बेल्जियममधल्या ल्येज शहरात राहते, सर्किट इथून तासाभराच्या आत आहे आणि कामाच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा त्या चढावर उभी राहिलेय.

आधी डावीकडे माथ्याजवळ एक जुनं शॅले (लाकडी घर) होतं, आणि टायरची भिंत ट्रॅकच्या इतकी जवळ की गाडी घसरल्यावर वेग कमी व्हायला वावच नव्हता. शॅले पाडलं, टेकडीचा भाग कापला, भिंत बरीच मागे नेली आणि तिथे मोठं प्रेक्षागृह उभं राहिलं. रेदियोंला, ला सूर्सला, ब्लांशिमोंला आणि आणखी काही ठिकाणी खडीचे पट्टे परत आणले. सगळ्या कामाचा खर्च ८ कोटी युरोंच्या आसपास सांगितला जातो. मोटरसायकलची २४ तासांची शर्यत परत आणायची होती, हेही त्यामागचं एक मोठं कारण.

एक गोष्ट टीव्हीवर कळत नाही. चढ पायी चढतानाही धाप लागते, आणि तळाशी उभं राहिलं की माथ्यापलीकडचं खरोखर काहीच दिसत नाही. कितीही भिंती सरकवल्या तरी ते बदलणार नाही. आणि इथला पाऊस! आर्डेनच्या जंगलात ढग अडकून बसतात. ला सूर्सला कोरडं आणि दरीत स्टाव्हलोकडे धो धो, असं अर्ध्या तासात होतं. पाऊस थांबल्यावरही झाडांमधून धुकं उठतं आणि गाड्यांनी उडवलेलं पाणी त्यात मिसळून हवेतच राहतं.

१ जुलै २०२३ ला मी सर्किटवर नव्हते, पण शहरात बातमी पसरली तेव्हाचं सुन्नपण आठवतं. डिलानो वान्ट हॉफ, १८ वर्षांचा, फॉर्म्युला रीजनल. सेफ्टी कारनंतर पावसात शर्यत परत सुरू झाली, रेदियोंनंतर केमेलवर त्याची गाडी ट्रॅकमध्ये आडवी झाली, आणि पाण्याच्या पडद्यातून आलेल्या गाडीला ती दिसलीच नाही. नवीन भिंत, नवीन खडी, सगळं जागेवर होतं.

---

पाचवा_गिअर

वैदेही, नेमका हाच मुद्दा. २०१९ चा अपघात कोरड्यात झाला, तेव्हा माथा आडवा आला. २०२३ ला पाण्याचा पडदा आडवा आला. दोन्ही वेळा मागच्याला दिसलं नाही. डांबर, खडी, टायर या सगळ्यावर एवढं काम करूनही 'दिसत नाही' याच्यावर काम अर्धवट आहे. म्हणून रविवारी ८० मिनिटं थांबले ते मला पटलं. कोरडं होईपर्यंत थांबा असं मी म्हणत नाही. केमेलवर पुढच्या गाडीचा मागचा दिवा किती अंतरावरून दिसतो, हा निकष धरा. दिवा दिसत नसेल तर शर्यत नाही.

---

मोटो_कोल्हापूर

खडीबद्दल बोलू दे जरा. मी बाइकवाला. आपल्याकडे कोइम्बतूर आणि चेन्नईच्या ट्रॅकवर चालवलंय.

बाइकवरून पडलेल्या माणसाला मोकळी सपाट जागा लागते. डांबरावर तो घसरत घसरत जातो, सूट असेल तर फार लागत नाही, पण भिंत जवळ असेल तर भिंतीवरच जातो. खडीत लवकर थांबतो पण लोळायला लागला की हात-खांदा जातोच. तरी भिंतीच्या आधी थांबणं महत्त्वाचं, म्हणून खडी हवीच.

गाडीचं वेगळं. सरळ घुसली तर खडी वेग खाते. आडवी घुसली तर चाक रुतून गाडी उलटते. अलोन्सो मेलबर्नला २०१६ मध्ये, बघा व्हिडिओ. आणि आधीच उलटी असेल तर खडी तिला थांबवतच नाही. सिल्व्हरस्टोनला २०२२ मध्ये झोऊची गाडी उलटी घसरत गेली, टायरच्या भिंतीवरून उडाली आणि जाळी आणि भिंतीच्या मधे जाऊन अडकली. हेलोमुळे (ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीची संरक्षक कमान) वाचला पोरगा.

पण रेदियोंला खडीचा एक फायदा कुणी लिहिला नाही. डांबर असताना पोरं पाय उचलतच नव्हती. चुकलं तर चुकलं, डांबरावरून फिरून येऊ, असं. खडी दिसली की पाय आपोआप हलका होतो. मी स्वतः चालवताना हे अनुभवलंय, कडेला काय आहे त्यावर मनगट ठरवतं.

---

केतकी_ब

हे शेवटचं फार पटलं. मला वाटायचं मोकळी डांबरी जागा म्हणजे सगळ्यात सुरक्षित.

आणखी एक विचारते. मागच्याला दिसत नाही तर त्याला सांगायची काही सोय नाही का? एवढी यंत्रणा असते, प्रत्येक गाडी कुठे आहे ते स्क्रीनवर दिसत असतं.

---

पिवळा_झेंडा

याचं उत्तर मी देतो. काही वर्षं स्वयंसेवक मार्शल म्हणून ट्रॅकवर उभा राहिलोय, भारतातच.

झेंडा कसा चालतो ते आधी. पोस्टवर शक्यतो एक माणूस येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून आणि दुसरा पाठ करून, म्हणजे दोन्ही बाजू डोळ्यांखाली राहतात. समोर गाडी फिरली की जोडीदाराच्या ओरडण्यावर आपण धोक्याचा पिवळा झेंडा हलवायचा. पावसात हातमोजे भिजलेले असतात, कापड काठीला चिकटतं, ते झटकून मोकळं करण्यात क्षण जातो. तरीही चांगली टीम एक-दोन सेकंदांत झेंडा बाहेर काढते. माणसाकडून याहून जास्त अपेक्षा करता येत नाही. पण स्थापत्य_सोलापूर यांच्या हिशोबाने त्या दोन सेकंदांत मागची गाडी दीडशे मीटर आली.

आता मोठ्या सर्किटवर दिव्यांचे पॅनल असतात आणि एफ वनमध्ये स्टिअरिंगवरही पिवळा दिवा लागतो. पण तो दिवा लावायला बहुतेक वेळा कुणीतरी बटण दाबावं लागतं. माझ्या मते पुढची पायरी अशी: रेदियोंच्या टप्प्यात एखाद्या गाडीचा वेग अचानक कोसळला किंवा तिला मोठा झटका बसला, तर माणसाची वाट न पाहता माथ्याखालचे पॅनल आणि मागच्या गाड्यांमधला दिवा आपोआप लागला पाहिजे. गाडीत सेन्सर आहेत, ठिकाण कळतं. चुकून कधी पिवळा लागला तर एखाद्याची फेरी वाया जाईल. जाऊ दे.

आणि हे आधी छोट्या मालिकांमध्ये आलं पाहिजे. तिथे एका शर्यतीत तीस-पस्तीस मुलं असतात, बरीचशी सतरा-अठराची, एकमेकांना चिकटून चालवणारी. ह्युबेर एफ टूमध्ये गेला, वान्ट हॉफ त्याच्याही खालच्या मालिकेत. सगळ्यात महाग यंत्रणा सगळ्यात अनुभवी मोजक्या जणांसाठी, हे उलटं आहे.

---

जुनी_विकेट

+१. शेवटचा परिच्छेद ठळक अक्षरांत हवा.

त्या २०१९ च्या शनिवार-रविवारी आपला मुंबईचा जेहान दारूवालाही स्पाला होता, एफ थ्रीमध्ये. त्याच चढावरून तोही गेला. पुढच्या वर्षी एफ टूमध्ये दाखल झाला. आपल्याकडची मुलं त्या शिडीवर चढू लागली आहेत, तेव्हा हा विषय परका मानू नये.

---

स्थापत्य_सोलापूर

बॅरियरच्या साहित्याबद्दल राहून गेलं. टायर स्वस्त आणि मार चांगला खातात, पण स्प्रिंगसारखी उसळी देतात. शिवाय मोठी धडक बसली की भिंत विस्कटते. २०१६ मध्ये मॅग्नुसन इथेच आपटला तेव्हा टायरची भिंत नीट करायला शर्यत थांबवावी लागली होती. अमेरिकेत इंडियानापोलिसला २००२ पासून पोलादी नळ्या आणि मागे फोम अशी सेफर भिंत आहे. ती दबते आणि गाडीला भिंतीलगत ठेवते, पण बनवली आहे कमी कोनाच्या धडकांसाठी. रेदियोंच्या बाहेर पडतानाच्या भागात, जिथे कोन कमी आहे, तिथे ती शोभेल. खोल रन-ऑफच्या टोकाला टेकप्रोसारखे फोमचे ठोकळे. एकाच प्रकारची भिंत सगळीकडे लावणं चूक ठरेल.

---

वैदेही_ल्येज

एक स्थानिक अडचणही लक्षात घ्या. सर्किट जंगलात आहे, दोन्ही बाजूंना डोंगरउतार. आणखी मागे सरकायचं तर आणखी डोंगर कापावा लागेल. केमेलच्या सुरुवातीला ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना झाडं आणि भिंती जवळ आहेत. पाण्याचा पडदा तिथे जास्त वेळ टिकतो, त्याचं हे एक कारण असावं असं मला तिथे उभं राहून वाटलं. रेदियोंवर एवढी चर्चा होते, पण माथ्यानंतरच्या पहिल्या काहीशे मीटरकडे कमी बघितलं जातं. २०२३ चा अपघात तिथलाच आहे.

---

पाचवा_गिअर

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून माझा क्रम असा लागतो. पहिलं, आपोआप लागणारा इशारा, आणि तो खालच्या मालिकांपासून सुरू. दुसरं, ओल्यात शर्यत सुरू किंवा पुन्हा सुरू करण्यासाठी दिसण्याचा निकष, आणि तो स्पापुरता लेखी. शेवटच्या एखाद-दोन फेऱ्यांसाठी पावसात पुन्हा सुरुवात मुळीच नको, निकाल तिथेच धरा. तिसरं, वैदेही म्हणते तो माथ्यानंतरचा पट्टा. भिंतीचं काम २०२२ मध्ये बरंच झालं आहे, त्यामुळे ते चौथं. शिकेन माझ्या यादीत नाही, पण पहिल्या तीन गोष्टी होणार नसतील तर केतकीच्या बाजूने मी मत देईन.

---

मोटो_कोल्हापूर

क्रम मान्य.

थोडं अवांतर, पण विचारतो. आमच्याकडे दहा-बारा वर्षांची पोरं कार्टिंगला येतात. पालक म्हणून ट्रॅकवर गेल्यावर काय बघावं? एका ठिकाणी टायर नुसते एकावर एक रचलेले पाहिले, हाताने हलत होते.

---

पिवळा_झेंडा

नुसते रचलेले टायर धडक बसली की उडतात आणि मागच्याच्या वाटेत येतात, म्हणजे या धाग्यातलीच अडचण. टायर एकमेकांना बोल्टने किंवा पट्ट्यांनी जखडलेले हवेत, पुढच्या बाजूला कन्व्हेयर बेल्टचं रबर लावलेलं हवं, म्हणजे कार्टचं नाक दोन टायरांच्या फटीत घुसत नाही. दोन ओळी असतील तर उत्तम. मग पोस्टवर माणूस आहे का आणि एका पोस्टवरून पुढचं पोस्ट दिसतं का ते बघा. कार्ट फिरून आडवी झाली की मागच्यांना कोण आणि कसं थांबवतं, हे चालकाला सरळ विचारा. झेंडा कुठे ठेवलाय ते त्याला शोधावं लागलं, तर त्या दिवशी पोराला गाडीत बसवू नका.